गुरुवार नावाची नोंद

लंडनजवळच्या स्लाऊमध्ये जिन्याखालच्या कपाटात लोक कचरा ओढायचा हूवर, छत्र्या आणि मोडकं ख्रिसमस ट्री ठेवतात. राजेंद्र वाघचौरेने तिथे इंटरनेट ठेवलं होतं.

सगळं नाही, आपल्या कुटुंबापुरतं. ऑफिसने टाकून दिलेला एक काळा कॉम्प्युटर, त्याला जोडलेल्या दोन डिस्क आणि वर चिकटवलेली पट्टी: 'बंद करू नये. हूवरसाठीसुद्धा.' ह्या पट्टीमागे एक घटना होती आणि त्या घटनेत सीमा, म्हणजे राजेंद्रची बायको, होती. पण ते प्रकरण दोघांनी मिटवलेलं आहे.

राजेंद्र ट्रेडिंग इस्टेट ह्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत नेटवर्कचं काम करायचा. वय एक्कावन्न. ह्या वयात इतर पुरुषांना सायकलचं वेड लागतं, त्याला प्रायव्हसीचं लागलं. एकदा जेवताना तो आईच्या गुडघ्याबद्दल बोलला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या फोनवर गुडघ्याच्या पट्ट्यांच्या जाहिराती यायला लागल्या. हा योगायोग होता की नव्हता, ह्यावर त्याने वाद घातला नाही. त्याने वर्षभरात घरातले फोटो, कॅलेंडर, किराण्याची यादी, नोंदी, कोण कुठे आहे ते दाखवणारा नकाशा असं एकेक मोठ्या कंपन्यांकडून उचललं आणि जिन्याखाली आणून ठेवलं. सॉफ्टवेअर सगळं ओपन सोर्स. म्हणजे फुकट, कोणीही आत डोकावून बघावं असं, आणि बिघडलं तर तक्रार कोणाकडे करायची हा प्रश्नच नाही, कारण तिथे कोणी नसतं.

"आपला डेटा आपल्या घरात," तो म्हणायचा.

"आणि माझ्या चपला?" विमलाबाई विचारायच्या. चपला गॅरेजमध्ये गेल्या होत्या.

विमलाबाई म्हणजे त्याची आई. वय त्र्याहत्तर. एकोणऐंशी साली पाच वर्षांच्या राजेंद्रला घेऊन नवऱ्यामागे लंडनच्या हाउन्सलोला आल्या, आणि पुढे बावीस वर्षं विमानतळाजवळच्या एका किचनमध्ये विमानातल्या जेवणाचे ट्रे भरले. नवरा गेल्यावर हाउन्सलोचं कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचं, भाड्याचं घर सोडून त्या राजेंद्रकडे स्लाऊला राहायला आल्या, त्याला आता सहा वर्षं झाली.

त्यांना राजेंद्रने टॅब्लेट दिला, मोठ्या अक्षरांचा. त्यातलं सॉफ्टवेअर मराठीत होतं, पण अर्धंच. ओपन सोर्समध्ये एखादी गोष्ट अर्धी असली की ज्याला ती बोचते त्याने पुरी करायची असते. राजेंद्रला बोचली. मात्र त्याचं मराठी पाचव्या वर्षी हीथ्रोला उतरलं आणि तिथेच बसून राहिलं होतं. म्हणून एका हिवाळ्यात मायलेक रोज संध्याकाळी डायनिंग टेबलाशी बसायचे. तो इंग्रजी शब्द वाचायचा, ती मराठी सांगायची.

"अॅक्टिव्हिटी?"

"म्हणजे काय होतं त्यात?"

"कोणी काय केलं, कधी केलं, त्याची लिस्ट."

"हालचाल."

"अॅडमिनिस्ट्रेटर?"

"तो कोण?"

"ज्याच्या हातात सगळं असतं तो. इथे मी."

"मग 'राजू' लिही."

त्याने 'प्रशासक' लिहिलं. मराठीत ते सॉफ्टवेअर वापरणाऱ्या कोणालाही आज पडद्यावर 'हालचाल' दिसते ती विमलाबाईंची. त्यांना ह्याचा अभिमान होता आणि तो त्या कोणाला सांगत नसत.

हालचाल हे पान त्या रोज सकाळच्या चहाबरोबर वाचायच्या. 'ईशानीने चार फोटो टाकले.' 'सीमाने किराणा यादीतून कोबी काढला.' 'ईशानीने एक फोटो काढून टाकला.' छोटंसं वर्तमानपत्र, जाहिराती नाहीत, अग्रलेख नाही, आणि सगळी पात्रं ओळखीची. राजेंद्रने त्यात मुद्दाम एक जास्तीची सोय केली होती: कोणी दुसऱ्याची नोंद नुसती उघडली तरी ते छापून यायचं. "ट्रान्सपरन्सी पाहिजे, आई," तो म्हणाला होता. "आपल्याकडे चोरून काही नाही."

आता विमलाबाईंकडे मात्र चोरून एक गोष्ट होती.

हाउन्सलोमध्ये साठीपुढच्या लोकांसाठी कौन्सिलची एक वसाहत आहे. छोटे छोटे फ्लॅट, प्रत्येकाला आपलं दार, खाली एक मॅनेजरबाई, भिंतीवर मदतीसाठी ओढायची लाल दोरी. विमलाबाईंनी दीड वर्षापूर्वी लायब्ररीतल्या बाईच्या मदतीने तिथे अर्ज केला होता. आता पत्र आलं होतं: एक फ्लॅट रिकामा होतोय, येऊन बघा. पसंत पडला तर तुमचा.

घरात त्यांना काही कमी होतं असं नाही. सीमा विमानतळावर एचआरमध्ये होती, सासूशी तिचं बरं होतं. म्हणजे दोघी एकमेकींच्या भाजीला नावं ठेवायच्या, पण समोरासमोर. नात ईशानी अक्सब्रिजला युनिव्हर्सिटीत जायची आणि येताना आजीसाठी काहीतरी खाऊ आणायची. अडचण राजेंद्रची होती. तो चांगला मुलगा होता. चांगल्या मुलाला आई वेगळी राहायला जाते हे सांगणं फार अवघड. वाईटाला सांगता येतं. म्हणून विमलाबाईंनी ठरवलं होतं की फ्लॅट बघायचा, हो म्हणायचं, कागदावर सही करायची आणि मग सांगायचं. आधी कोणाला कळलं तर तो फ्लॅट हातातून गेलाच म्हणून समजा.

विसरायला नको म्हणून त्यांनी टॅब्लेटवर एक नोंद केली. कागदावर केली असती तर सीमाने आवरताना टाकली असती. आणि राजेंद्रने शंभरदा सांगितलं होतं की हे सगळ्यात सुरक्षित आहे, जगातली एकही कंपनी तुझी नोंद वाचू शकत नाही. ते खरंच होतं.

आता राजेंद्रची बाजू. जे लोक स्वतःचा सर्व्हर चालवतात त्यांच्यात एक शिस्त असते. बॅकअप घेतला म्हणजे झालं असं नाही. त्यातली एखादी फाईल परत आणून, उघडून बघायची. उघडली नाही तर तो बॅकअप नाही, ती नुसती समजूत. राजेंद्र हे दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी दहा वाजता करायचा. कुठली फाईल उघडायची ते त्याने लिहिलेला छोटा प्रोग्रॅम चिठ्ठी काढल्यासारखं ठरवायचा. मागच्या महिन्यात घराच्या विम्याचा कागद निघाला होता, त्याआधी ईशानीचा मधमाशांवरचा निबंध.

ह्या शनिवारी 'गुरुवार' नावाची नोंद निघाली. उघडली.

'पुढचा नाही, त्याच्या पुढचा गुरुवार. अकरा वाजता. बसने जायचं. पासपोर्ट, पेन्शनचं पत्र, चष्मा. मॅनेजरबाईला विचारायचं: खिडकी कुठल्या बाजूला? फोडणीचा वास बाहेर जायला पंखा आहे का? भगवान बुद्धांच्या मूर्तीला फळी आणि बाबासाहेबांच्या फोटोला खिळा मारू देतील का? राजूला हो झाल्यावरच सांगायचं. आधी सांगितलं तर तो खोली मोठी करून देईल.'

फाईल शाबूत आहे हे कळायला पहिल्या दोन ओळी पुष्कळ होत्या. राजेंद्रने शेवटपर्यंत वाचली. मग परत पहिल्यापासून वाचली. त्यानंतर त्याने आपल्या वहीत तारखेपुढे 'बॅकअप ठीक' असं लिहिलं.

त्याच्या मनात सगळ्यात पहिला विचार आला तो खोली मोठी करून द्यायचा.

रविवारी सकाळी विमलाबाईंनी चहा घेतला, चष्मा लावला आणि हालचाल उघडली. 'सीमाने किराणा यादीत कोबी टाकला.' 'प्रशासकाने विमल यांची "गुरुवार" ही नोंद परत आणली.' 'प्रशासकाने विमल यांची "गुरुवार" ही नोंद उघडली. १० वाजून ४ मिनिटे.' 'प्रशासकाने विमल यांची "गुरुवार" ही नोंद बंद केली. १० वाजून ११ मिनिटे.'

सात मिनिटं. नोंद सात ओळींची होती.

विमलाबाईंनी चहा संपवला. कप विसळला. आणि गप्प बसल्या. त्यांचा हिशेब सरळ होता: वाचलंय त्याने, बोलू दे त्यालाच.

राजेंद्रचाही हिशेब सरळ होता. हालचालीत आपलंही नाव छापून येतं हे त्याच्या डोक्यातच नव्हतं. आपण वाचलं हे सांगायचं तर कसं वाचलं ते सांगावं लागणार. त्यापेक्षा तिने आपणहून सांगावं असं वातावरण तयार करावं. त्याने वातावरण तयार करायला घेतलं.

सोमवारी तो आईसाठी गरम होणारं ब्लँकेट घेऊन आला. मंगळवारी त्याने तिच्या बाथरूममध्ये धरायचा दांडा बसवला, जो सहा वर्षं 'ह्या वीकेंडला' बसणार होता. बुधवारी तो मोजपट्टी घेऊन तिच्या खोलीत आला आणि भिंत मोजायला लागला.

"काय करतोस?"

"काही नाही. सहज."

"सहज भिंत मोजतात?"

"लॉफ्टवाला माणूस येणारे बघायला, माळ्यावर रूम होते का. ईशानी वर गेली की तुला ही मधली वॉल काढून..."

"राजू, ती पट्टी उलटी धरलीयस."

स्वयंपाकघरात सीमाने सासूला गाठलं. "अहो आई, राजेंद्रला काय झालंय? काल मला विचारत होता, आपण आईला कधी हर्ट केलं का. मी म्हटलं, कुठल्या वर्षापासून सांगू?"

"पोटाचं असेल काहीतरी," विमलाबाई म्हणाल्या.

"मला वाटलं तुम्हाला काही झालंय. रिपोर्ट वगैरे. माझ्यापासून लपवताय दोघं."

"मला काय व्हायचंय? गुडघा तेवढा आहे. तो जाहिरातीत येऊन गेला."

ईशानीने तर थेटच विचारलं. "आजी, आर यू डाइंग?"

"नाही गं."

"ओके. मग डॅडी असा का वागते? त्याने मला माझा रूम देऊन टाकायला सांगितली."

"तू देऊ नको," आजी म्हणाल्या.

असे सात दिवस गेले. घरात कोणी कोणाला एक शब्द लागेल असा बोलला नाही. नको इतकी शांतता होती. राजेंद्र सकाळी 'आई, काही सांगायचंय का?' अशा चेहऱ्याने बघायचा आणि विमलाबाई 'तुला?' अशा चेहऱ्याने.

पुढच्या रविवारी हाउन्सलोच्या कम्युनिटी हॉलमध्ये आपल्या बौद्ध मंडळाची वंदना होती आणि वंदनेनंतर राजेंद्रचं भाषण. विषय: 'आपली माहिती, आपला स्वाभिमान.' हे तीन महिन्यांपूर्वी ठरलेलं. मंडळाच्या सभासदांची यादी, पत्ते, फोन, कोणाच्या मुलाचं लग्न जमवायचंय त्याचा बायोडेटा, हे सगळं फोनवरच्या एका ग्रुपमध्ये फिरायचं. एका मुलाचा बायोडेटा पगारासकट, फोटोसकट, फिरत फिरत त्याच्याच बॉसपर्यंत पोचला होता. ते सगळं आता राजेंद्रच्या सर्व्हरवर न्यावं असा प्रस्ताव होता.

अध्यक्ष बबनराव. एकतीस वर्षं लंडनची बस चालवून निवृत्त झालेले. त्यामुळे सभा वेळेवर सुरू करायचे आणि उशिरा येणाऱ्याला दार उघडायचे नाहीत. अडतीस माणसं हात जोडून बसली. त्रिशरण झालं, पंचशील झालं. राजेंद्र वक्ता म्हणून माइकजवळ होता, त्यामुळे त्याचा आवाज सगळ्यांत मोठा. जे दिलेलं नाही ते घेणार नाही, हे दुसरं शील त्याने खणखणीत म्हटलं. खोटं बोलणार नाही हे चौथं म्हणताना जरा खोकला आला.

मग भाषण. ते चांगलं झालं, खोटं कशाला सांगा. बाबासाहेबांनी आपल्याला मान वर करून जगायला शिकवलं, आणि आपण आपली सगळी माहिती कुठल्याशा कंपनीच्या पायाशी नेऊन ठेवतो, असं तो म्हणाला तेव्हा दोघांनी टाळ्या वाजवल्या. मग त्याने पासवर्डचा विषय काढला.

"कोणी मला पासवर्ड सांगू नका," तो म्हणाला. "फक्त सांगा, त्यात एकोणीसशे छप्पन हे आकडे कोणाकोणाचे आहेत?"

दीक्षेचं वर्ष. बबनरावांनी हात वर केला, कारण अध्यक्षाने आदर्श घालून द्यायचा असतो. त्यामागून एकेक करत एकवीस हात वर झाले.

"आणि चौदा एप्रिल?"

उरलेले.

"बघा," राजेंद्र म्हणाला. "आता तुम्ही सगळ्यांनी आपापला पासवर्ड अडतीस लोकांना सांगितलात."

"आपलीच माणसं आहेत," बबनराव म्हणाले. "हॉलच्या अलार्मचाही तोच आहे."

हशा ओसरल्यावर बबनरावांनी घड्याळ बघितलं. "दोन प्रश्न. मग चहा. समोसे गार होतायत."

तिसऱ्या रांगेतून विमलाबाईंनी हात वर केला. आईच विचारतेय म्हटल्यावर लोक आधीच हसायला लागले.

"अध्यक्षमहाराज, वक्त्यांना विचारायचंय." त्या उभ्या राहिल्या. "कंपनी माझं सगळं वाचते म्हणता. वाचत असेल. पण ती मला ओळखत नाही. तिला मी गुडघा आहे. तुमच्या त्या सर्व्हरवर माझं जे आहे, ते कोणाच्या हातात असतं?"

"अॅडमिनच्या. प्रशासकाच्या."

"तो मला ओळखतो?"

"हो... ओळखतो."

"मग मी कोणापासून जास्त जपायचं? न ओळखणाऱ्यापासून, का ओळखणाऱ्यापासून?"

लोक खूश झाले. राजेंद्र पाणी प्यायला. "चांगला प्रश्न आहे. ह्याला टेक्निकल सोल्यूशन आहे. एन्क्रिप्शन म्हणतात. म्हणजे अॅडमिनलासुद्धा दिसणार नाही असं कुलूप. ते बसवता येतं."

"बसवलंय?"

"अजून नाही."

"मग तोवर तुम्ही उघडून बघता का?"

आई मुलाला सभेत 'तुम्ही' म्हणत होती. हसणं थांबलं. सीमा मागच्या बाजूला पेपर प्लेट मोजत होती, तिने मोजणं सोडलं.

राजेंद्रला दोन उत्तरं देता येत होती. 'पॉलिसीनुसार उघडत नाही' हे एक. ते शंभर टक्के खोटंही नव्हतं. पण अर्ध्या तासापूर्वी ह्याच माइकवर तो काय म्हणाला होता ते अडतीस माणसांनी ऐकलं होतं. समोर बुद्धांची मूर्ती होती, तिच्याकडे न बघता उभं राहायला जागा नव्हती.

"एकदा उघडली," तो म्हणाला. "टेस्ट करताना. दोन ओळी बघून बंद करायची असते. मी सगळी वाचली. दोनदा. आणि मग आठ दिवस न वाचल्यासारखं दाखवलं. चूक माझी. मी त्या व्यक्तीची माफी मागतो."

"ठीक आहे," असं म्हणून विमलाबाई खाली बसल्या.

बबनरावांनी माइक ओढून घेतला. "आमच्या बसमध्ये कॅमेरा होता, म्हणून आम्ही खरं बोलायचो. हा गडी कॅमेरा नसताना बोलला. मी म्हणतो, यादी ह्याच्याकडेच द्यावी. फक्त कुलूप आधी बसव, बाबा. समोसे."

प्रस्ताव पास झाला. विरोधात एक मत पडलं, ते राजेंद्रचं स्वतःचं. ते धरलं नाही.

चहाच्या वेळी सीमाने नवऱ्याला खुर्च्यांच्या ढिगामागे गाठलं. "कोणाचं वाचलंस? माझं?"

"नाही."

"आईंचं. आईंचंच. काय लिहिलंय त्यांनी? माझ्याबद्दल आहे?"

"सीमा, ते मी नाही सांगू शकत."

"मी बायको आहे तुझी!"

"म्हणूनच नाही. तिला विचार."

ढिगाच्या पलीकडे विमलाबाई चटणीच्या वाट्या भरत होत्या. त्यांच्या कानाला काही झालेलं नव्हतं, फक्त गुडघ्याला.

नंतर सीमा आणि ईशानी चहाचं मोठं भांडं धुवायला थांबल्या, तेव्हा मायलेक कार पार्कमध्ये गाडीत बसले. दोघंही समोर बघत. काचेपलीकडे एक विमान इतकं खाली आलं की त्याची चाकं मोजता आली असती. ते जाईपर्यंत कोणी बोललं नाही. हाउन्सलोत बोलण्याची हीच पद्धत आहे.

"काय कमी पडलं, आई?"

"काही नाही."

"सीमा काही बोलली?"

"सीमा तुझ्यापेक्षा बरी. तिला उघडता आलं असतं तरी तिने उघडली नसती. तिने तोंडावर विचारलं असतं."

"लोक म्हणतील, मुलगा असून आईला ओल्ड एज होममध्ये टाकली."

"होम नाही ते. फ्लॅट आहे. आणि लोक म्हणजे आत्ता आत समोसे खातायत तेच ना? दोन रविवार बोलतील. तिसऱ्या रविवारी कोणाचातरी बायोडेटा निघेल."

"मी रूम मोठी करणार होतो."

"माहितीये. लिहिलंच होतं मी."

तो कसनुसा हसला. मग विमलाबाई पर्समध्ये काहीतरी शोधत असल्यासारखं करत म्हणाल्या, "राजू, माझ्या बापाच्या घराला दार होतं, पण त्यावर पाटी लावावी असं काही नव्हतं. मग ह्यांचं घर. भाड्याच्या पुस्तकावर नाव ह्यांचं. मग तुझं घर. तिन्ही ठिकाणी मला कोणी काही कमी केलं नाही. पण बावीस वर्षं मी ट्रे भरले ना, एकेका ट्रेवर लेबल लावायचे. व्हेज, नॉनव्हेज, लहान मुलाचा. बिनलेबलाचा ट्रे बाजूला काढायचे, तो कोणाचाच नाही म्हणून. मला एकदा माझं नाव असलेल्या दाराने आत जायचंय. बाहेर जायचंय. दिवसातून चारदा. एवढंच आहे."

राजेंद्रने स्टिअरिंगवरची धूळ पुसली.

"मी येऊ का गुरुवारी? गाडीने सोडतो. आत नाही येणार."

"नको. बस आहे."

"पासपोर्टची कॉपी..."

"काढलीय. लायब्ररीत. आणि मी त्यांना हो म्हणेपर्यंत विचारायचं नाही. तोंडानेही नाही, त्या कपाटानेही नाही."

गुरुवारी सकाळी विमलाबाई नेव्ही ब्लू कोट घालून बाहेर पडल्या. सीमाला म्हणाल्या, हाउन्सलोला काम आहे. सीमाने विचारलं, कसलं? त्या म्हणाल्या, माझं. सीमाने राजेंद्रकडे बघितलं. राजेंद्रने टोस्टकडे बघितलं.

ऑफिसमध्ये अकरा वाजून पाच मिनिटांनी त्याने फोन हातात घेतला. कोण कुठे आहे ते दाखवणारा घरचा नकाशा, स्वतः बसवलेला, स्वतःच्या मालकीचा. त्यावर एक निळा ठिपका हाउन्सलोत असणार होता. बस चुकली का, पत्ता सापडला का, पायऱ्या किती आहेत, सगळं एका बोटावर. त्याने बोट ठेवलं, पण नकाशावर नाही. सर्व्हरवर जाऊन त्याने अख्खा नकाशाच बंद केला. तीन मिनिटांत ईशानीचा मेसेज आला: 'डॅडी मॅप ब्रोकन.' त्याने लिहिलं: 'नो. फिक्स्ड.' मग तो एका मीटिंगमध्ये जाऊन बसला, ज्यात त्याला बोलावलेलं नव्हतं, आणि कोणाच्या ते लक्षातही आलं नाही.

विमलाबाई चार वाजता परत आल्या. काही बोलल्या नाहीत. राजेंद्र साडेपाचला आला. त्यानेही विचारलं नाही. हे न विचारणं इतकं मोठं होतं की सीमाने टीव्ही बंद केला.

जेवायला बसल्यावर विमलाबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला. "मला हाउन्सलोत फ्लॅट मिळालाय. पहिला मजला, लिफ्ट आहे. खिडकी बागेकडे. मी हो म्हणून आले. महिनाअखेरीला जाणार."

सीमा आधी रडली, मग चिडली, मग म्हणाली, "म्हणजे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं?"

"फक्त ह्याला. आणि त्यालाही मी सांगितलं नव्हतं."

"पण अहो आई, तुम्हाला एकटीला करमेल का तिथे?"

"नाही करमलं तर भाजीला नावं ठेवायला येईन. तूही ये. तुझ्या डब्यातली आणू नको."

सीमा हसली, मग परत रडली, आणि मग विचारलं की पडदे कोणी घ्यायचे, मापं घेतलीत का. ईशानीला एवढंच जाणून घ्यायचं होतं की तिथे वायफाय कसंय आणि तिला राहता येईल का. "तुझ्या फ्लॅटपासून माझ्या युनिव्हर्सिटीला डायरेक्ट बस आहे, आजी."

"माहितीये," आजी म्हणाल्या.

राजेंद्र म्हणाला, "चांगलं झालं, आई." त्याला तसं वाटत नव्हतं. पण पुढे वाटेल असं त्याला दिसत होतं, म्हणून ते खोटं धरता येणार नाही.

मग विमलाबाईंनी पर्समधून चार पानांचा एक फॉर्म काढला. अडीअडचणीला कोणाला कळवायचं, त्या माणसाची सही हवी होती. खाली चौकटींची रांग: आजारपण ह्या माणसाला कळवावं का, हॉस्पिटलात नेलं तर कळवावं का, फ्लॅट रिकामा दिसला तर, आणि रहिवाशाकडे कोण येतं-जातं ते ह्याने विचारल्यास सांगावं का. ज्यावर खूण, तेवढंच कळवणार.

राजेंद्र लगेच पेन काढून बसला. विमलाबाईंनी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली, बारीक अक्षरांसकट. सीमाने ताटं उचलली. ईशानी वर गेली. राजेंद्र बसून राहिला. वाचल्याशिवाय खूण करू नका, असं तो कायम लोकांना सांगत आला होता. कोणी तसं करताना त्याने पहिल्यांदाच बघितलं.

वीस मिनिटांनी त्यांनी पेन घेतलं. आजारपण, खूण. हॉस्पिटल, खूण. फ्लॅट रिकामा, जरा विचार करून, खूण.

"शेवटची राहिली," राजेंद्र म्हणाला.

"वाचली मी," विमलाबाई म्हणाल्या, आणि फॉर्म त्याच्याकडे सरकवला. "इथे सही कर."